उंचसखल शिलेवरील यांत्रिक अक्षरें व त्यांची पारख

शिलालेखांच्या संग्राहकांस एका नव्या विद्येची ओळख असणें आतां अगत्याचें झालें आहे. अंकांच्या आज्ञेनें चालणाऱ्या कोरीव यंत्रास 'सीएनसी' म्हणतात. त्याचा पूर्वज अमेरिकेंतील एमआयटी या संस्थेनें सन १९५२ मध्यें चालवून दाखविला.

सपाट फळीवर कोरणें या यंत्रास सुलभ. परंतु नदींतील गोटा, हाड किंवा शिंग यांचा पृष्ठभाग कोठें उंच, कोठें सखल असतो. पातें एकाच पातळींत फिरविल्यास तें उंचवट्यांत खोल रुततें व खळग्यावरून अधांतरीं जातें. म्हणून वस्तु प्रथम घट्ट बसवितात. नंतर स्पर्शशलाकेनें ठिकठिकाणची उंची मोजून तिचा अंकमय नकाशा करितात, व त्याबरहुकूम पातें वरखालीं होतें. दगडास हिरकण्यांचें पातें व पाण्याची धार लागते.

आतां पारख. सरळ दंडगोल पात्यानें कोरलेल्या अक्षराचा आंतील कोपरा वाटोळा राहतो. छिन्नीनें तो कोनदार साधतो, व तिचे घाव परस्परांहून भिन्न असतात. तळाशीं भिंगांतून समांतर रेषा दिसल्या, किंवा ओबडधोबड दगडावर खोली सर्वत्र अगदीं समान आढळली, तर संशय घ्यावा. मात्र हीं चिन्हें घासून मोडतां येतात. तेव्हां त्यांच्या अभावावरून लेख अस्सल ठरत नाहीं. लिपि, भाषा व प्राप्तिस्थान हीं पाहिलींच पाहिजेत.

जीर्ण लेखाची प्रत करण्यास हें यंत्र उपयुक्त आहेच. प्रतीच्या पाठीवर 'प्रतिकृति' हा शब्द व वर्ष त्याच वेळीं कोरवून घ्यावें, अशी आमची सूचना आहे.