चार लाख त्रेचाळीस हजार पाचशे

सन १४३३. पेकिंगच्या राजवाड्यातल्या मुदपाकखान्याने ड्रॅगन आणि फिनिक्सचे नमुने काढून दक्षिणेला जिंगदेजेनच्या शाही भट्ट्यांकडे धाडले. तशी चिनी मातीची भांडी हवी होती, नग ४,४३,५००. मिंग राजवटीच्या दप्तरात हा आकडा नोंदलेला आहे.

एकेक भांडं हातात घेऊन मिनिटभरच न्याहाळायचं म्हटलं, तरी न जेवता, न झोपता ३०८ दिवस लागतील. मागणी वर्षात पुरी करायची तर रोज १,२१५ नग हवेत, तेही न तडकलेले. ज्या श्वांदे सम्राटासाठी हा खटाटोप, तो १४३५च्या जानेवारीत वारलासुद्धा.

१६३७ साली सोंग यिंगशिंग या चिनी लेखकाने लिहून ठेवलंय की एक भांडं पुरं होईतो बहात्तर हातांखालून जातं. तोच हिशेब या मागणीला लावला तर ३ कोटी १९ लाखांवर हात लागतात. मला मात्र त्यातला एकच हात डोळ्यांसमोर येतो, कुंचला धरलेला. भांडं अजून कच्चं, कोरडं असतं. टेकवलेला रंग माती तत्क्षणी शोषून घेते; खोडायची सोय नाही. कोबाल्टचा हा रंग त्या वेळी काळपटच दिसतो. वरून झिलई चढते, भट्टी १३०० अंशांच्या आसपास पेटते, आणि मगच तो निळा होतो. म्हणजे निळा ड्रॅगन चितारणाऱ्याला चितारताना निळा दिसतच नसे!

सम्राटाच्या ड्रॅगनला पायागणिक पाच नखं, म्हणजे एकूण वीस. मागणीतल्या निम्म्याच भांड्यांवर एकेक ड्रॅगन धरला, तरी नखं होतात ४४,३५,०००. जरा खोट निघाली की भांडं फोडून तिथेच पुरत, राजाची वस्तू दुसऱ्याच्या घरी जाऊ नये म्हणून. गेल्या चाळीसेक वर्षांत उत्खननात ती खापरं निघाली आणि संशोधकांनी तुकड्याला तुकडा जुळवून भांडी पुन्हा उभी केली. त्या जुळवणाऱ्यांबद्दल मला फार आदर वाटतो. धड राहिलेल्यांचं मोल काय? श्वांदेच्या काळातला ड्रॅगनचा एकच रांजण २०१६ साली हाँगकाँगच्या लिलावात सुमारे १५.८ कोटी हाँगकाँग डॉलरना गेला.

या वेडाचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. १८९२ साली इथे जन्मलेल्या पर्सिव्हल डेव्हिड यांनी चिनी भांड्यांचा प्रचंड संग्रह केला. त्यातले सुमारे १,७०० नग २०२४ मध्ये ब्रिटिश म्युझियमला कायमचे देण्यात आले. किंमत अंदाजे १०० कोटी पौंड. त्यात दोन फूट उंचीच्या दोन सुरया आहेत. मानेवरच्या लेखात १३५१ साल आणि वाहणाऱ्याचं नाव आहे. झांग वेनजिन नावाच्या भाविकाने घरच्यांच्या सुखासाठी त्या देवळाला वाहिल्या होत्या. त्यांच्यावरच्या ड्रॅगनची नखं मोजा. पायागणिक चारच भरतात.