वक्तृत्वकला

वक्तृत्वकला म्हणजे श्रोत्यांसमोर एखादा विषय सुसंगत, स्पष्ट व परिणामकारक रीतीने मांडण्याची कला होय. भाषणाची पूर्वतयारी, लेखन, स्मरण आणि प्रत्यक्ष सादरीकरण या सर्वांचा तिच्यात समावेश होतो. खणखणीत आवाज किंवा हजरजबाबीपणा ही काहींना जन्मजात लाभलेली देणगी असली, तरी वक्तृत्वाचा मोठा भाग अभ्यासाने साध्य होतो.

स्वरूप

भाषण आणि निबंध यांचा विषय एकच असू शकतो. परंतु दोहोंची घडण वेगळी असते. वाचकाला न समजलेले वाक्य पुन्हा वाचता येते, पान उलटून मागे जाता येते. श्रोत्याला ही सोय नसते. वक्त्याचे वाक्य कानावर पडताक्षणी समजले नाही, तर ते वाया जाते आणि त्याचा अर्थ लावण्यात गुंतलेल्या श्रोत्याचे पुढचे वाक्यही निसटते. त्यामुळे लहान वाक्ये, मोजके मुद्दे आणि महत्त्वाच्या मुद्द्याची योग्य ठिकाणी पुनरुक्ती ही भाषणाची लक्षणे ठरतात. निबंधात दोष मानली जाणारी पुनरुक्ती भाषणात गरजेची असते.

इतिहास

प्राचीन ग्रीसमध्ये न्यायसभा व लोकसभा यांतील कामकाज भाषणांवर चालत असल्याने वक्तृत्वाचे शास्त्र तेथे विकसित झाले. ॲरिस्टॉटलने आपल्या ग्रंथात मन वळविण्याची तीन साधने सांगितली आहेत : वक्त्याच्या चारित्र्यामुळे निर्माण होणारा विश्वास, श्रोत्यांच्या मनात जागृत होणाऱ्या भावना आणि युक्तिवाद. अथेन्समधील वक्ता डिमॉस्थेनिस याने उच्चारातील दोष घालविण्यासाठी तोंडात खडे धरून बोलण्याचा सराव केला, अशी कथा प्लूटार्कने लिहिलेल्या चरित्रात आहे. रोमन परंपरेत भाषणाच्या तयारीचे पाच टप्पे मानले गेले : मुद्द्यांचा शोध, त्यांची मांडणी, भाषाशैली, स्मरण आणि उच्चारण. सिसेरोच्या लेखनात ही विभागणी आढळते.

भारतात वेदपठणाच्या निमित्ताने उच्चारशास्त्राचा सूक्ष्म विचार झाला. ‘पाणिनीय शिक्षा’ या ग्रंथात उत्तम पाठकाचे सहा गुण सांगितले आहेत. त्यांत गोडवा, अक्षरांची स्पष्टता, शब्दांची योग्य तोड, धीटपणा व लय यांचा समावेश होतो. अधम पाठकाचे दोषही सहाच आहेत : गाणे म्हटल्याप्रमाणे बोलणे, घाई करणे, डोके हलविणे, लिहिलेले पाहून वाचणे, अर्थ न जाणता म्हणणे आणि आवाज क्षीण असणे. पाठांतरावर उभ्या असलेल्या परंपरेनेही अर्थाचे अज्ञान हा दोष मानला, हे येथे लक्षणीय आहे.

महाराष्ट्रात कीर्तनाने वक्तृत्वाची भूमी तयार केली. नारदीय कीर्तनाच्या पूर्वरंगात एखाद्या तत्त्वाचे निरूपण होते आणि उत्तररंगात तेच तत्त्व आख्यानातून श्रोत्यांसमोर उभे केले जाते. गाडगे महाराज (१८७६–१९५६) आपल्या कीर्तनांत श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि त्यांच्याच तोंडून उत्तरे काढून घेत. आधुनिक काळात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ती चालविणाऱ्या संस्थेचे ‘वक्तृत्वोत्तेजक सभा’ हे नावच तिचा हेतू सांगते. पुढे गावोगावी अशा व्याख्यानमाला सुरू झाल्या आणि त्यांनी जाणता श्रोतृवर्ग घडविला.

भाषणाचे लेखन

पूर्वतयारी : लेखनाला बसण्यापूर्वी ‘भाषण ऐकून घरी गेलेल्या माणसाने कोणती एक गोष्ट लक्षात ठेवावी’ या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात लिहून काढणे उपयुक्त ठरते. हे वाक्य म्हणजे भाषणाचे मध्यवर्ती सूत्र. त्याला पुष्टी न देणारी माहिती कितीही रंजक असली, तरी ती वगळावी लागते. श्रोत्यांचे वय, त्यांना विषयाची असलेली ओळख, त्यांची संख्या आणि उपलब्ध वेळ यांचा विचार याच टप्प्यावर होतो.

आधार : तयारीतील अभ्यासाचे वजन भाषणात जाणवते. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ पासून मध्यवर्ती विधिमंडळात इंग्रजीतून केलेली अर्थसंकल्पावरील भाषणे याची साक्ष देतात. सरकारच्या तिजोरीत शिल्लक पडते याचा अर्थ प्रजा सुखी आहे असा नव्हे, तर लोकांवर गरजेपेक्षा अधिक कर लादलेला आहे, असे त्यांनी सरकारी आकडेवारीच्याच आधारे दाखविले. या अभ्यासात त्यांना गणेश व्यंकटेश जोशी यांचे साहाय्य लाभत असे.

मांडणी : प्रारंभ, मध्य व समारोप हे भाषणाचे तीन भाग मानले जातात. प्रारंभी विषयाची निकड पटवून द्यावी, मध्यभागी दोन ते चार मुद्दे उदाहरणांसह मांडावेत आणि समारोपात मध्यवर्ती सूत्र पुन्हा सांगावे, अशी सर्वसाधारण पद्धत आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे २५ नोव्हेंबर १९४९ रोजीचे संविधान सभेतील भाषण मांडणीच्या दृष्टीने अभ्यसनीय आहे. लोकशाही टिकविण्यासाठी त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या : सामाजिक व आर्थिक उद्दिष्टांसाठी संविधानिक मार्गच अवलंबिणे, कोणत्याही थोर व्यक्तीच्या चरणी आपले स्वातंत्र्य अर्पण न करणे आणि केवळ राजकीय लोकशाहीवर समाधान न मानणे. तिसऱ्या मुद्द्याचा विस्तार करताना त्यांनी २६ जानेवारी १९५० रोजी देशात राजकीय समता आणि सामाजिक-आर्थिक विषमता एकत्र नांदू लागतील, या विसंगतीकडे लक्ष वेधले. मुद्दे क्रमाने येत असल्यामुळे दीर्घ भाषणातही श्रोता वाट चुकत नाही.

भाषा : कानाला समजणारी भाषा लिहिण्यासाठी प्रत्येक वाक्य मोठ्याने म्हणून पाहावे लागते. उदाहरणार्थ, ‘जलसंधारणाच्या उपाययोजनांच्या अंमलबजावणीअभावी ग्रामीण महिलांना करावी लागणारी पायपीट ही चिंतेची बाब आहे’ हे वाक्य अहवालात शोभेल. भाषणात तोच आशय असा येऊ शकतो : ‘गावाने बंधारा बांधला. त्यात गाळ साचला. तो कोणी काढला नाही. म्हणून गावातली बाई आजही पाण्यासाठी चालते आहे.’ दुसऱ्या मांडणीत श्रोत्याला चित्र दिसते आणि कारणही समजते. दृष्टान्ताचे कार्यही हेच असते. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली बेळगाव व अहमदनगर येथे स्वराज्यावर दिलेल्या व्याख्यानांत देव आणि पुजारी यांचा दृष्टान्त योजला. सम्राटाची सत्ता आणि नोकरशाहीचा कारभार यांतील भेद त्यामुळे सामान्य श्रोत्यालाही उमगू शकला.

सादरीकरण

स्मरण : संपूर्ण भाषण शब्दशः पाठ करणाऱ्याला एक शब्द विसरला तरी पुढचे काही आठवत नाही, कारण प्रत्येक शब्द मागच्या शब्दाला टांगलेला असतो. मुद्द्यांचा क्रम लक्षात ठेवणाऱ्याला मात्र ऐनवेळी दुसरा शब्द सापडतो. यासाठी लिहिलेले भाषण हळूहळू आटोपशीर करण्याची पद्धत सोयीची आहे : प्रथम पूर्ण लेखन, नंतर एका पानावर मुद्दे आणि शेवटी हातात मावेल अशा चिठ्ठीवर केवळ खुणेचे शब्द. प्रारंभाची व समारोपाची दोन-तीन वाक्ये, आकडे, तारखा आणि अवतरणे मात्र अचूक पाठ असणे इष्ट असते.

उच्चार व आवाज : मराठीत च, ज व झ या वर्णांचे दोन उच्चार आहेत. ‘चार’ व ‘चाक’ किंवा ‘जन’ व ‘जवळ’ या शब्दांत ते वेगळे ऐकू येतात. ण आणि न, तसेच ळ आणि ल यांतील भेद स्पष्ट असावा लागतो. प्रमाणभाषेतील उच्चारांचा सराव करताना बोलीचा संकोच बाळगण्याचे कारण नसते. बोलीतील नेमका शब्द अनेकदा भाषणाला जिवंतपणा देतो.

विराम : महत्त्वाच्या वाक्यानंतर क्षणभर थांबल्यास श्रोत्याला विचार करण्यास अवधी मिळतो. नवख्या वक्त्याला हा क्षण फार दीर्घ वाटतो व तो भरून काढण्यासाठी तो घाई करतो. घड्याळ लावून मोठ्याने केलेला सराव या दोषावर उपयोगी पडतो.

देहबोली : नजर श्रोत्यांच्या सर्व बाजूंकडे फिरती असावी. हातवारे अर्थाला अनुसरून यावेत. ध्वनिवर्धक असल्यास ओरडण्याची गरज नसते. त्यापासूनचे अंतर कायम राखणे अधिक महत्त्वाचे असते.

सभाभीती : व्यासपीठावर घसा कोरडा पडणे, हात थरथरणे ही लक्षणे अनुभवी वक्त्यांतही दिसतात. आधी दोन-तीन परिचितांसमोर, मग वर्गासमोर आणि त्यानंतर सभेसमोर बोलल्याने ही भीती आटोक्यात येते.

शालेय वक्तृत्व

महाराष्ट्रातील बहुतेक विद्यार्थ्यांचा वक्तृत्वाशी पहिला संबंध शाळेत येतो. सावित्रीबाई फुले यांची जयंती (३ जानेवारी), लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी व अण्णा भाऊ साठे यांची जयंती (१ ऑगस्ट), तसेच राष्ट्रीय सण या दिवशी विद्यार्थ्यांची भाषणे होतात. वक्तृत्व स्पर्धांत सामान्यतः विषयज्ञान, मांडणी, भाषा, उच्चार व वेळेचे भान यांना गुण दिले जातात.

या भाषणांचे लेखन पुष्कळदा पालक वा शिक्षक करतात आणि विद्यार्थी ते पाठ करून म्हणतो. उच्चारांच्या व सभाधीटपणाच्या दृष्टीने याचा काही लाभ होतो. परंतु स्वतः विचार करण्याचा अभ्यास त्यातून घडत नाही. ठरावीक संबोधने, ठरावीक काव्यपंक्ती आणि जन्मतारखेपासून निधनापर्यंतचा तोच क्रम यांमुळे निरनिराळ्या व्यक्तींवरील भाषणे एकसारखी होतात. यावर उपाय म्हणून विद्यार्थ्याने चरित्रातील एकच प्रसंग निवडून तो आपल्याला का महत्त्वाचा वाटला, हे स्वतःच्या शब्दांत सांगावे, असा अभ्यास देता येतो. भाषणानंतर श्रोत्यांनी एक प्रश्न विचारण्याची प्रथाही उपयुक्त ठरते. विषय समजला आहे की केवळ पाठ झाला आहे, हे त्यातून कळते. ऐनवेळी चिठ्ठी उचलून बोलावयाच्या उत्स्फूर्त वक्तृत्व स्पर्धेचा हेतूही हाच असतो.

जबाबदारी

परिणामकारक भाषण सत्य असतेच असे नाही. प्लेटोने ‘गॉर्जिअस’ या संवादात वक्तृत्वाची तुलना पाककौशल्याशी केली : ते जिभेला रुचते, परंतु औषधाप्रमाणे हितकर असेलच असे नाही. रोमन शिक्षणतज्ज्ञ क्विंटिलियन याने म्हणूनच वक्ता आधी सज्जन असावा, असा आग्रह धरला.

श्रोत्यावरही भाषण नीट ऐकण्याची जबाबदारी असते. टिळकांच्या उपर्युक्त व्याख्यानांवरून सरकारने त्यांच्याकडे वीस हजार रुपयांचा जातमुचलका व दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. नोव्हेंबर १९१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. सुट्या शब्दांवर किंवा वाक्यांवर बोट न ठेवता भाषणाचा एकंदर परिणाम पाहिला पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. हा निकष कायद्याइतकाच वक्तृत्वाच्या अभ्यासालाही लागू पडतो. एखादे चटकदार वाक्य टाळ्या मिळवू शकते. भाषणाचे मोल मात्र ते संपल्यावर श्रोत्याला काय समजले, यावरून ठरते.