गर्भावस्थेतील संप्रेरके आणि स्वमग्नता

मूल अडीच वर्षांचे झाले तरी हाकेला वळून पाहत नाही, नजरेला नजर देत नाही, बोलण्यात मागे राहते. तपासणीअंती डॉक्टर 'ऑटिझम' म्हणजेच स्वमग्नतेचे निदान करतात आणि घरात पहिला प्रश्न आईलाच विचारला जातो : "गरोदरपणी तुझे काही चुकले का?"

एके काळी वैद्यकानेही या प्रश्नास बळ दिले होते. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अमेरिकेत स्वमग्नतेचे सविस्तर वर्णन केले. आईच्या मायाहीन वागण्याने मूल स्वमग्न होते, ही समजूत पुढे रूढ झाली. ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकाने तिचा मोठा प्रसार केला. ती समजूत केव्हाच निकालात निघाली. आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा आहे, हे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांनी दाखवून दिले. आता मात्र 'आईची संप्रेरके' हा विषय बातम्यांतून येऊ लागला असून जुना दोषारोप नव्या शब्दांत परतण्याची भीती आहे.

संप्रेरके म्हणजे ग्रंथींतून रक्तात मिसळणारे रासायनिक निरोपे. स्वमग्नतेचे निदान मुलींपेक्षा मुलग्यांत अधिक होते. म्हणून केंब्रिज विद्यापीठाचे सायमन बॅरन-कोहेन यांनी टेस्टोस्टेरॉनकडे लक्ष वळविले. डेन्मार्कमध्ये गर्भजलाचे नमुने गोठवून जतन केलेले होते. पुढे स्वमग्न ठरलेल्या १२८ मुलग्यांच्या नमुन्यांत टेस्टोस्टेरॉन व त्याच्या जवळच्या संप्रेरकांचे सरासरी प्रमाण अधिक आढळले, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. इस्ट्रोजेनबाबतही २०१९ मध्ये तसाच निष्कर्ष आला. परंतु ही वाढ आईकडून, वारेकडून की खुद्द गर्भाकडून, हे त्यातून उलगडत नाही. सरासरीतील फरकावरून एखाद्या बाळाचे भाकीतही करता येत नाही.

ज्या स्त्रियांना पीसीओएस हा विकार असतो, त्यांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन बहुधा अधिक असते. ब्रिटनमधील वैद्यकीय नोंदींवर आधारित २०१८ च्या अभ्यासात अशा मातांचे मूल स्वमग्न असण्याची शक्यता २.३ टक्के, तर इतर मातांच्या बाबतीत ती १.७ टक्के दिसली. हीच गोष्ट 'धोका ३५ टक्क्यांनी वाढला' अशीही सांगता येते, आणि तेही गणिताने बरोबरच आहे! दरवाढ ऐकल्यावर मूळ रक्कम किती, हे विचारण्याची सवय बँकेच्या ग्राहकांना असतेच. ती येथेही उपयोगी पडावी. पीसीओएस असलेल्या शंभर मातांपैकी सुमारे ९८ जणींची मुले स्वमग्न नसतात.

थायरॉइडची गोष्ट मात्र वेगळी, कारण येथे काही करता येण्याजोगे आहे. गर्भाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्याच्या सुमारास काम करू लागते आणि पुरेशी सक्षम व्हायला आणखी काही आठवडे जातात. तोवर मेंदूच्या जडणघडणीस लागणारे थायरॉक्सिन आईच्या रक्तातूनच मिळते. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे सुमारे चार हजार मुलांचा अभ्यास झाला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षानुसार, गर्भावस्थेच्या आरंभी ज्या मातांत थायरॉक्सिनची तीव्र कमतरता होती, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी स्वमग्नतेची लक्षणे असण्याची शक्यता जवळजवळ चौपट होती. ही लक्षणे पालकांनी भरून दिलेल्या प्रश्नावलीवरून ठरविली होती, हेही ध्यानात घ्यावयास हवे. इस्रायलमध्ये ५१ हजारांहून अधिक जन्मांच्या नोंदी तपासून २०२५ मध्ये आलेला निष्कर्ष अधिक दिलासा देणारा आहे. ज्या मातांचा थायरॉइडचा विकार उपचाराने आटोक्यात होता, त्यांच्या मुलांत धोका वाढलेला आढळला नाही. बिघाड एकाहून अधिक तिमाहींत टिकला, तेथे मात्र तो वाढत गेला.

यावरून गोळी घेतल्याने स्वमग्नता टळते, असे म्हणता येणार नाही. थायरॉइडचा उपचार आईच्या प्रकृतीसाठी आणि गर्भाच्या वाढीसाठी तसाही आवश्यकच असतो. ज्या स्त्रिया आधीपासून थायरॉक्सिन घेतात, त्यांनी दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना भेटावे. या काळात बहुधा मात्रा वाढवावी लागते. गोळी मनाने बंद करू नये. आपल्याकडे गरोदरपणी लोह व कॅल्शियमच्या गोळ्या सर्रास दिल्या जातात आणि सोयीसाठी सगळ्या एकदमच घेतल्या जातात. त्यामुळे थायरॉक्सिन नीट शोषले जात नाही. ते सकाळी उपाशीपोटी घ्यावे आणि त्यानंतर लोह-कॅल्शियमसाठी चार तासांचे अंतर ठेवावे.