निकाल न लागलेल्या लढती

हॅरी ग्रेब हा पिट्सबर्गचा मुष्टियोद्धा. 1913 साली तो व्यावसायिक झाला आणि 1926 मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गेला. एवढ्या काळात तो तीनशेच्या आसपास लढती लढला. एकट्या 1919 मध्ये तो 45 वेळा रिंगमध्ये उतरला आणि एकदाही हरला नाही, असं आज मानलं जातं. पण जुनं रेकॉर्ड बुक उघडलं, तर त्याच्या नावापुढे शंभराहून थोडे जास्त विजय आणि आठेक पराभव दिसतात. दीडशेहून अधिक लढतींसमोर मात्र एकच शेरा आहे : 'नो डिसिजन'. एवढ्या मोठ्या खेळाडूच्या निम्म्याहून जास्त लढतींना अधिकृत निकालच नाही.

यामागे कायदा होता. पैसे लावून चालणाऱ्या मुष्टियुद्धाबद्दल त्या काळात अमेरिकेतल्या अनेक राज्यांचं धोरण धरसोडीचं होतं. न्यूयॉर्कने 1911 मध्ये फ्रॉली कायदा केला. लढत दहा फेऱ्यांपर्यंत चालेल, पण पंचांनी गुणांवर विजेता जाहीर करायचा नाही. कुणी नॉकआउट झाला तर प्रश्नच नाही. दोघंही शेवटपर्यंत उभे राहिले, तर निकाल नाही. निकाल नसला की सट्टा थांबेल, असा हिशेब होता. हा कायदा 1917 मध्ये गेला. 1920 मध्ये वॉकर कायदा आला आणि न्यूयॉर्कमध्ये गुणांवर निकाल देणं सुरू झालं. ग्रेबचं घर होतं त्या पेनसिल्व्हेनियात मात्र निकालाविना लढण्याची रीत 1923 पर्यंत टिकली.

मी कोल्हापूरकडची. वर्तमानपत्राच्या क्रीडा विभागात नोकरीचा बराच काळ काढला आणि जत्रांचा हंगाम आला की गावोगावच्या मैदानांचे निकाल फोनवर उतरवून घेतले. त्यामुळे हा प्रकार मला परका वाटला नाही. आपल्याकडे पाठ मातीला लागली तर कुस्ती निकाली, नाहीतर पंच ती बरोबरीत सोडवणार. बातमीदार फोनवर सांगायचा, "ताई, बरोबरीत सुटली म्हणून छापा, पण सगळा वेळ वरचढ तोच होता." छापून यायचं 'बरोबरीत'. त्याचं ते पुढचं वाक्य जागेअभावी कापलं जायचं.

अमेरिकेत ते पुढचं वाक्य छापलं गेलं, एवढाच फरक. सट्टा काही थांबला नव्हता आणि पैज लावणाऱ्यांना उत्तर हवं होतं. मग रिंगशेजारी बसलेल्या वार्ताहराचं मत हाच निकाल धरला जाऊ लागला. 'न्यूजपेपर डिसिजन' म्हणतात तो हाच. दुसऱ्या दिवशी एका पेपरात एक जिंकलेला असे, दुसऱ्यात दुसरा. वार्ताहर बहुधा स्थानिक असे आणि आपल्या गावच्या पोराकडे त्याचा ओढा असणं साहजिक होतं. व्यवस्थापक आणि आयोजक वार्ताहरांचे खिसे गरम करत, हेही त्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक होतं. तरीही ही मतं फेकून द्यावीत असं मला अजिबात वाटत नाही. समोर बसून पाहणाऱ्याने त्याच रात्री लिहिलेली साक्ष आहे ती. वेगवेगळ्या गावांच्या तीन-चार पेपरांचा सूर एक लागला, तर तीन पंचांच्या निकालाइतकाच मी तिच्यावर विश्वास ठेवते.

या रीतीने विजेत्यांना एक कवचही मिळालं. वेल्सचा फ्रेडी वेल्श 1914 मध्ये लाइटवेट विजेता झाला. न्यूयॉर्कमध्ये लढताना त्याला माहीत असे की आडवा झालो नाही तर किताब जात नाही. बेनी लेनर्डशी तो 1916 मध्ये दोनदा लढला. किताब जागचा हलला नाही. अखेर 28 मे 1917 रोजी लेनर्डने नवव्या फेरीत त्याला संपवलं, तेव्हाच किताब गेला. त्यामुळे 'इतकी वर्षं विजेता' हे वाक्य त्या काळाबद्दल वाचताना आधी लढती कुठे झाल्या ते पाहावं लागतं.

ग्रेब आणि जीन टनी पाच वेळा समोरासमोर आले. 23 मे 1922 ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ग्रेबने टनीला पंधरा फेऱ्या झोडपलं आणि पंचांनी निकाल ग्रेबच्या बाजूने दिला. टनीच्या कारकिर्दीतला हा एकमेव पराभव. फेब्रुवारी 1923 मध्ये टनीला मिळालेल्या निकालावर त्याच रात्री वाद पेटला. डिसेंबरमध्ये पुन्हा टनी जिंकला. चौथी लढत 1924 मध्ये क्लीव्हलंडला, पाचवी 1925 मध्ये सेंट पॉलला, आणि दोन्ही निकालाविना. क्लीव्हलंडच्या लढतीवर वार्ताहरांची मतं फुटली, सेंट पॉलला त्यांनी कौल टनीला दिला. आता या दोघांचा हिशेब टनी 2, ग्रेब 1 असा लिहायचा, की टनी 3, ग्रेब 1 आणि एक बरोबरी? दोन्ही आकडे छापलेले सापडतात आणि आपापल्या नियमाने दोन्ही खरे आहेत. कुठल्या नियमाने मोजलं तेच बहुतेक ठिकाणी लिहिलेलं नसतं. माझी तक्रार आहे ती तेवढ्यावर.

नावांचा घोळ वेगळाच. आयर्लंडमध्ये जन्मलेला जॉन केली 'जॅक डेम्प्सी' या नावाने लढून 1895 मध्ये वारला. पुढे बर्नी डेम्प्सीने ते नाव घेतलं आणि कोलोरॅडोतल्या एका लढतीसाठी भावाच्या जागी उतरताना धाकट्या विल्यमने. त्याआधी विल्यम खाणकामगारांच्या वस्त्यांत आणि दारूच्या गुत्त्यांत 'किड ब्लॅकी' म्हणून लढत होता. त्या गुत्त्यांत वार्ताहर नव्हता, म्हणून तिथल्या कित्येक लढती कुठेच नोंदलेल्या नाहीत. रॉकी मार्सियानोच्या प्रसिद्ध 49 विजयांतला पहिला, 17 मार्च 1947 चा, 'रॉकी मॅक' या नावावर आहे. आणि वेल्सचा चिमुकला जिमी वाइल्ड जत्रांच्या तंबूंत येईल त्याच्याशी लढायचा. त्याच्या नावावर 864 लढती सांगितल्या जातात, पण कागदावर सापडतात त्या दीडशेच्या आसपास. तंबूतल्या लढती मोजायच्या की नाही, यावर हा आकडा पाचपटीने बदलतो.

सर्वांत जास्त अन्याय झाला तो कृष्णवर्णीय खेळाडूंवर. नोव्हा स्कोशियाचा सॅम लँगफर्ड हा माझ्या मते त्या काळातला सर्वांत पूर्ण मुष्टियोद्धा. गोरे विजेते त्याला किताबाची संधी देत नसत, म्हणून हॅरी विल्ससारख्या त्याच मोजक्या कृष्णवर्णीयांशी तो पुन्हापुन्हा लढला. विल्सशी निदान सतरा वेळा. म्हातारपणाकडे झुकताना, डोळे जात असतानाही पोटासाठी तो लढत राहिला. त्या वर्षांतले पराभव त्याच्या नावापुढे तितक्याच ठळक अक्षरांत उभे आहेत. लँगफर्डबद्दल एक खोटी गोष्टही चालत आली. 1906 मध्ये चेल्सी इथे जॅक जॉन्सन त्याच्याविरुद्ध जिंकला. पण लँगफर्डने जॉन्सनला खाली पाडलं होतं, असं त्याचा व्यवस्थापक जो वुडमन सांगत राहिला आणि ते पुस्तकांत शिरलं. त्या दिवसांचे पेपर उघडले तर खाली गेला होता तो लँगफर्ड. त्याच्या थोरवीला या थापेची गरज नव्हती, म्हणून ती मला जास्त खुपते.

नॅट फ्लायशरने 1922 मध्ये 'द रिंग' मासिक काढलं आणि 1940 च्या दशकात रेकॉर्ड बुक सुरू केलं. व्यवस्थापकांनी पाठवलेली माहिती आणि जुनी कात्रणं यांवर असं पुस्तक उभं करणं मोठं काम होतं, आणि त्यातल्या चुका पुढच्या लेखकांनी जशाच्या तशा उतरवल्या. 2000 मध्ये जॉन शेपर्डने 'बॉक्सरेक' सुरू केलं. तिथे वार्ताहरांचे कौल वेगळी खूण करून नोंदवतात, हे मला फार मोलाचं वाटतं. शिवाय ऑस्ट्रेलियाचं 'ट्रोव्ह', न्यूझीलंडचं 'पेपर्स पास्ट', अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा वृत्तपत्रसंग्रह या सगळ्यांमुळे जुनी पानं घरबसल्या वाचता येतात. खेड्यातल्या चार पानी पेपरात एखादी विसरलेली लढत सापडते आणि शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाचा आकडा आजही बदलतो.

म्हणून कुणी ग्रेबचं रेकॉर्ड विचारलं तर मी दोन हिशेब सांगते. अधिकृत धरले तर शंभराहून थोडे जास्त विजय. वार्ताहरांचे कौल मिळवले तर अडीचशेहून जास्त, आणि पराभव वीसच्या आत. ऐकणारा सहसा विचारतो, यातलं खरं कोणतं? मग मी त्याला 24 मे 1922 चे पेपर काढून देते आणि पंधराही फेऱ्या वाचायला सांगते.