'भ्रष्टाचार' : व्युत्पत्ती, अर्थ आणि अर्थांतर

प्रस्तावना :

एखाद्या समाजाची नीतिकल्पना समजून घ्यावयाची असेल, तर त्या समाजाने नैतिक पतनासाठी कोणते शब्द योजले आहेत, हे पाहणे उपयुक्त ठरते. आजच्या मराठीत 'भ्रष्टाचार' हा शब्द उच्चारताच सरकारी कचेरी, लाच, निविदा, टक्केवारी या गोष्टी डोळ्यांसमोर येतात. परंतु हा अर्थ या शब्दाला तुलनेने अलीकडे प्राप्त झाला आहे. एकोणिसाव्या शतकात परजातीच्या हातचे अन्नपाणी घेणारा मनुष्य 'भ्रष्ट' ठरत असे. लाच घेणाऱ्या कारकुनास मात्र हे विशेषण सहसा लागत नसे. म्हणजेच शब्द तोच राहिला आणि त्यामागील नीतीची कसोटी बदलली. प्रस्तुत लेखात 'भ्रष्टाचार' या शब्दाची व्युत्पत्ती, त्याच्या परिवारातील शब्द, लाचेसाठी असलेली स्वतंत्र शब्दपरंपरा आणि आधुनिक काळात झालेले अर्थांतर यांचा विचार केला आहे.

१. शब्दाची घडण :

'भ्रष्टाचार' हा 'भ्रष्ट' आणि 'आचार' या दोन संस्कृत शब्दांचा समास आहे. 'भ्रष्ट' हे 'भ्रंश्' या धातूचे कर्मणिभूत धातुसाधित रूप होय. पाणिनीय धातुपाठात या धातूचा अर्थ अधःपतन असा दिलेला आहे. म्हणून 'भ्रष्ट' म्हणजे खाली पडलेला, आपल्या जागेवरून निसटलेला. उच्चारसाम्यामुळे याची गल्लत 'भृष्ट' या शब्दाशी होण्याचा संभव असतो. परंतु 'भृष्ट' म्हणजे भाजलेला, आणि त्याचा धातू वेगळा आहे.

'आचार' हा शब्द 'चर्' या धातूला 'आ' हा उपसर्ग लागून बनला आहे. 'चर्' म्हणजे चालणे. म्हणून आचार म्हणजे चालण्याची रीत, वागणूक. मराठीतील 'चालचलणूक', 'चालरीत', 'वर्तन' या शब्दांतही गतीचीच कल्पना आहे. याच धातूपासून सदाचार, दुराचार, अनाचार, व्यभिचार आणि अत्याचार हे शब्द बनले. 'व्यभिचार' हा न्यायशास्त्रात केवळ नियमापासून ढळणे या अर्थाने येतो. लैंगिक अनीतीचा अर्थ त्याच्या अनेक अर्थांपैकी एक होता, मराठीत तोच उरला. 'अत्याचार' म्हणजे मूळात आचाराचे उल्लंघन. आज त्याचा अर्थ क्रूर बळजोरी असा झाला आहे.

समासाचा क्रमही अर्थपूर्ण आहे. 'आचारभ्रष्ट' म्हणजे आचारापासून पडलेला. येथे आचार आपल्या जागी शाबूत असतो आणि माणूस पडतो. 'भ्रष्टाचार' या शब्दात मात्र आचारच पडलेला आहे. पहिला शब्द व्यक्तीविषयी बोलतो, दुसरा वागणुकीच्या रीतीविषयी. आज 'भ्रष्टाचार' हा शब्द एका व्यक्तीच्या दोषापेक्षा सार्वत्रिक स्थितीसाठी अधिक वापरला जातो, त्याला ही घडण अनुकूल ठरली आहे.

२. 'कशापासून ?' हा प्रश्न :

पडण्याच्या क्रियेला एक अपादान लागते. जो पडला तो कोठून तरी पडला, हे सांगितल्याशिवाय पतनाचा अर्थ पूर्ण होत नाही. त्यामुळे 'भ्रष्ट' या शब्दामागे 'कशापासून ?' हा प्रश्न सदैव उभा असतो. पदभ्रष्ट, स्थानभ्रष्ट, मार्गभ्रष्ट, जातिभ्रष्ट या समासांत त्याचे उत्तर दिलेले असते.

या परिवारातील सर्वच शब्द निंदाव्यंजक नाहीत. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायातील 'योगभ्रष्ट' हा दोषी नसून अपूर्ण साधक आहे. त्याला पुढील जन्मी चांगल्या कुळात जन्म मिळतो असे तेथे म्हटले आहे. आयुर्वेदातील 'गुदभ्रंश' म्हणजे शरीराचा अवयव जागेवरून सरकणे. 'स्मृतिभ्रंश' हा गीतेच्या दुसऱ्या अध्यायात क्रोधाच्या परिणामांपैकी एक म्हणून येतो. आज तो वृद्धावस्थेतील एका व्याधीचे नाव झाला आहे. ग्रंथसंपादनात 'भ्रष्ट पाठ' म्हणजे लेखनिकांच्या चुकांमुळे बिघडलेला मजकूर.

'अपभ्रंश' या शब्दाचे उदाहरण या संदर्भात विशेष बोलके आहे. पतंजलीने 'महाभाष्या'त 'गो' या एका साधू शब्दाचे गावी, गोणी, गोता, गोपोतलिका असे अपभ्रंश दिले आहेत. व्याकरणाच्या दृष्टीने ही शब्दाची घसरण होय. परंतु पुढे 'अपभ्रंश' हे एका भाषावस्थेचेच नाव झाले आणि त्या अवस्थेतून मराठीसारख्या भाषा उदयास आल्या. एका कसोटीने जी घसरण ठरते, ती दुसऱ्या कसोटीने नवी निर्मिती ठरू शकते. तेव्हा भ्रष्टतेचा निर्णय हा नेहमी कसोटीच्या निवडीवर अवलंबून असतो.

३. आचार आणि शुद्धाशुद्धता :

धर्मशास्त्रात ही कसोटी 'आचार' या शब्दाने निश्चित केली होती. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात आचाराला श्रेष्ठ धर्म म्हटले आहे. याज्ञवल्क्यस्मृतीचे आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त असे तीन अध्याय आहेत. या आचारात सत्य, दान, अतिथिसत्कार यांचा समावेश होता. परंतु व्यवहारात भोजन, स्पर्श, विवाह आणि सोवळेओवळे यांविषयीचे नियम अधिक प्रभावी ठरले. मराठी भाषेनेच याची साक्ष जपून ठेवली आहे. 'आचारी' म्हणजे आचार पाळणारा. पण मराठीत 'आचारी' म्हणजे स्वयंपाकी. ज्याच्या हातचे अन्न चालते तोच आचारवान, ही समजूत या एका शब्दात गोठलेली दिसते.

अशा आचारापासून पडणे म्हणजे 'भ्रष्ट होणे' किंवा 'बाटणे'. त्यावर उपाय प्रायश्चित्ताचा किंवा शुद्धीचा. आणि ते न घेतल्यास वाळीत टाकण्याचा. म्हणजेच 'भ्रष्ट' हा केवळ नैतिक अभिप्राय नव्हता, तर सामाजिक शिक्षेचा तो आधार होता.

४. लाचेची स्वतंत्र शब्दपरंपरा :

प्राचीन भारतीय विचारवंतांना लाचखोरी ठाऊक नव्हती, असे मात्र नाही. संस्कृतात लाचेसाठी 'उत्कोच' हा शब्द आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात लाच घेणाऱ्यांची गणना उघडपणे लुबाडणाऱ्या चोरांत केली आहे. याज्ञवल्क्याने त्यांचे धन काढून घेऊन त्यांना हद्दपार करावे असे सांगितले आहे. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त, दुसऱ्या अधिकरणाच्या आठव्या अध्यायात, राजधनाच्या अपहाराचे चाळीस प्रकार सांगितले आहेत. पुढील अध्यायात, जिभेवर ठेवलेला मध न चाखणे जसे अशक्य, तसे धन हाताळणाऱ्याने त्यातील थोडेही न चाखणे अशक्य, आणि पाण्यातला मासा पाणी केव्हा पितो हे जसे कळत नाही, तसे अधिकारी धन केव्हा घेतात हे कळत नाही, असे दृष्टांत आहेत. ज्याच्यामुळे महसूल घटतो तो राजाचे धन 'खातो', असेही कौटिल्य म्हणतो. येथे मूळ प्रतिमा पडण्याची नसून खाण्याची व चोरण्याची आहे.

मराठीतील 'लाच' हा शब्द प्राकृत 'लंचा' या शब्दापासून आला आहे. दंत–दात, पंच–पाच या जोड्यांप्रमाणेच अनुस्वार जाऊन आधीचा स्वर दीर्घ झाला. कन्नड आणि तेलुगू भाषांतही लाचेसाठी याच कुळातील शब्द आहेत. बोली मराठीने कौटिल्याची प्रतिमा पुढे चालवली. 'पैसे खाणे', 'खाबूगिरी', 'चिरीमिरी', 'वरकमाई', 'हात ओले करणे', 'चराऊ कुरण' हे प्रयोग सर्वपरिचित आहेत. यांतील 'चराऊ कुरण' या प्रयोगात एक योगायोग दडलेला आहे. 'चर्' या धातूचे गती आणि भक्षण असे दोन्ही अर्थ आहेत. आचार आणि चरणे हे दोन्ही शब्द त्या एकाच धातूचे!

येथे एक व्याकरणिक भेद लक्षात घेण्यासारखा आहे. 'पडणे' हे अकर्मक क्रियापद आहे. मनुष्य पडतो, त्यात हेतू असतोच असे नाही. 'खाणे' हे सकर्मक आहे. त्याला कर्ता लागतो आणि कर्मही लागते. कोणी खाल्ले आणि कोणाचे खाल्ले, हे दोन्ही प्रश्न ते विचारते. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात कामगार-कारकुनांच्या लाचखोरीचा विचार केला, तो या दुसऱ्या प्रश्नाच्या अंगाने. तेथे प्रश्न घेणाऱ्याच्या शुद्धतेचा नसून शेतकऱ्याच्या लुबाडणुकीचा आहे.

५. दोन कसोट्या समोरासमोर :

शुद्धतेची कसोटी आणि प्रामाणिकपणाची कसोटी या परस्परांहून किती भिन्न होत्या, हे पुण्यातील दोन घटनांवरून स्पष्ट होते. १८८८ मध्ये मध्य विभागाचे कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्यावर मामलेदारांकडून लाच घेतल्याचे आरोप झाले आणि चौकशी आयोग नेमला गेला. लाच दिल्याची कबुली देणाऱ्या मामलेदारांना सरकारने अभय दिले होते. ते वचन पाळले जावे म्हणून लोकमान्य टिळकांनी मामलेदारांची बाजू घेतली. या प्रकरणाची चर्चा कायदा, नोकरी आणि सरकारचे वचन या परिभाषेत झाली.

त्यानंतर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये झालेल्या कार्यक्रमात शहरातील अनेक प्रतिष्ठितांपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. उपस्थितांत न्यायमूर्ती रानडे आणि टिळक होते. हे प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि १८९२ मध्ये त्याचा निवाडा होऊन प्रायश्चित्ते सांगण्यात आली. रानडे यांनी प्रायश्चित्त घेतले. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. ज्यांच्या सार्वजनिक प्रामाणिकपणाविषयी शंका नव्हती, अशा व्यक्ती एका पेला चहामुळे आचारभ्रष्ट ठरल्या. पुढे मराठीत 'चहापाणी' हा शब्दच लाचेचे सौम्य नाव व्हावा, ही भाषेच्या इतिहासातील एक विसंगती म्हणावी लागेल.

या कसोटीचे सर्वांत कठोर रूप २० मार्च १९२७ रोजी महाड येथे दिसले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यानंतर, तळे बाटले असे मानून सनातन्यांनी पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून त्याची 'शुद्धी' केली. एका मानवी हक्काच्या वापराला येथे भ्रष्टता ठरवले गेले होते.

६. आधुनिक अर्थाची प्रतिष्ठापना :

विसाव्या शतकात 'भ्रष्टाचार' हा शब्द इंग्रजी 'करप्शन' या शब्दाचा पर्याय म्हणून रूढ झाला. त्या शब्दाच्या लॅटिन मुळात फोडणे, नासवणे ही कल्पना आहे. या अर्थांतरामागे राज्यव्यवस्थेतील बदल होता. १८६० च्या भारतीय दंड संहितेने लोकसेवकाची व्याख्या करून त्याने बेकायदेशीर मोबदला घेणे हा गुन्हा ठरवला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारी खरेदी, परवाने व नियंत्रणे वाढली. १९४१ मध्ये युद्ध व पुरवठा विभागातील लाचखोरीच्या तपासासाठी विशेष पोलीस यंत्रणा उभारली गेली. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, स्वतंत्र कायदा झाला. संथानम समितीच्या शिफारशीनुसार १९६४ मध्ये केंद्रीय दक्षता आयोग स्थापन झाला. महाराष्ट्रात १९७१ मध्ये लोकायुक्तांचा अधिनियम संमत झाला. १९४७ च्या कायद्याची जागा १९८८ च्या अधिनियमाने घेतली आणि २०१८ च्या दुरुस्तीने लाच देणे हाही स्वतंत्र गुन्हा ठरवला. मात्र सक्तीने लाच द्यावी लागलेल्याने सात दिवसांत तक्रार केल्यास त्याला संरक्षण आहे.

या अधिनियमात 'करप्शन' या शब्दाची व्याख्या दिलेली नाही. त्यात विशिष्ट कृत्यांना गुन्हे म्हटले आहे. महाराष्ट्र शासनाच्या संबंधित विभागाचे नावही 'लाचलुचपत प्रतिबंधक विभाग' असे आहे. प्रशासनाने कृतिवाचक शब्द निवडला, तर सार्वजनिक चर्चेने 'भ्रष्टाचार' हा व्यापक शब्द स्वीकारला. 'कशापासून ?' या प्रश्नाचे उत्तर आता बदलले आहे. जातीच्या नियमापासून नव्हे, तर लोकांनी सोपवलेल्या विश्वासापासून होणारे पतन म्हणजे भ्रष्टाचार.

ही उलटापालट कायद्यातही पूर्ण झाली आहे. १९५० मध्ये अमलात आलेल्या संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी अधिनियम २०१६ मध्ये संमत होऊन २०१७ पासून लागू झाला. पूर्वी ज्याला 'भ्रष्ट' म्हणून वाळीत टाकले जाई, त्याला आज कायद्याचे संरक्षण आहे; आणि वाळीत टाकणारी पंचायत गुन्हेगार आहे.

७. जुन्या अर्थाचे अवशेष :

तथापि शब्द आपला पूर्वेतिहास सहजासहजी टाकत नाहीत. भ्रष्टाचाराविषयी बोलताना आजही 'स्वच्छ प्रतिमा', 'डागाळलेला नेता', 'राजकारणाचे शुद्धीकरण' असे शब्द येतात. ही सारी सोवळ्याओवळ्याची परिभाषा आहे. तिच्यामुळे प्रश्न व्यक्तीच्या शुद्धतेचा वाटू लागतो आणि एखादी निष्कलंक व्यक्ती पदावर आली की तो सुटेल, अशी आशा निर्माण होते. विश्वासाची कसोटी मात्र निराळे प्रश्न विचारते. हिशेब कोण पाहतो ? निर्णयाची कारणे नोंदवली जातात काय ? माहिती मागणाऱ्यास ती मिळते काय ? महाराष्ट्रात २००२ मध्ये आणि देशात २००५ मध्ये झालेले माहितीच्या अधिकाराचे कायदे या दुसऱ्या दृष्टीतून आले आहेत. त्यांनी अधिकाऱ्याची शुद्धता तपासली नाही. त्याला उत्तर देण्यास बांधून घेतले.

समारोप :

'भ्रष्टाचार' या शब्दाचा प्रवास पाहता तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, 'भ्रष्ट' हा सापेक्ष शब्द आहे. कसोटी सांगितल्याशिवाय तो अपुरा राहतो. दुसरी, शुद्धाशुद्धतेकडून सार्वजनिक विश्वासाकडे झालेले त्याचे अर्थांतर हे मराठी समाजाच्या नीतिकल्पनेतील मोठे परिवर्तन आहे, आणि ते सामाजिक संघर्षातून घडलेले आहे. तिसरी, ज्याला आज भ्रष्टाचार म्हटले जाते ते बहुधा पडणे नसते; ते हेतुपूर्वक केलेले, हिशेबाने वाटून घेतलेले कृत्य असते. म्हणूनच 'खाणे' हा बोलीतील साधा शब्द ग्रांथिक शब्दाला पूरक ठरतो. 'भ्रष्टाचार' या शब्दाने पतनाचे गांभीर्य सांगितले जाते. कोणाच्या ताटातले गेले, हे मात्र 'खाणे' हाच शब्द सांगतो.