एका रुळावर तीन इंजिनं

सूरजागडच्या डोंगरातलं लोहखनिज खाणीपासून आजही आगगाडीने निघत नाही. वर्षानुवर्षं ते एटापल्ली-आलापल्लीच्या रस्त्याने ट्रकमधून आलं. २०२५ पासून त्यातलं काही पाण्यात कालवून हेडरी ते कोनसरी नळातून जातं. गडचिरोली जिल्ह्याला रेल्वे ठाऊक आहे ती वडशापुरती. वडसा-गडचिरोली या ५२ किलोमीटरच्या मार्गाचं काम चालू आहे. मॉडेल रेल्वेच्या हौशी माणसाला यापेक्षा नामी विषय कुठला? खरी गाडी पोचण्याआधी सूरजागडची गाडी टेबलावर धावू शकते.

अर्थात काटछाट करावी लागते. एचओ मापात सगळं ८७ पटींनी लहान होतं आणि दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर उरतं. तरी वडसा-गडचिरोली मार्गच जवळपास ६०० मीटर भरेल! बॉक्सएन वाघीण सुमारे १२ सेंटीमीटरची, म्हणजे वीस वाघिणींची मालगाडी अडीच मीटरची. डोंगराचा चढ आला की एकट्या इंजिनाची चाकं जागीच फिरू लागतात. दुसरं इंजिन हवं, तिसरंही. खरा प्रश्न तिथून सुरू होतो: एकाच रुळावरची इंजिनं हवी तशी चालवायची कशी?

जुन्या पद्धतीत रुळांत शून्य ते बारा व्होल्ट डीसी सोडतात. बटण फिरवलं की वेग वाढतो, धन-ऋण उलटवलं की गाडी मागे येते. पण त्या रुळावरची सगळीच इंजिनं एकदम निघतात. एकाला थांबवून दुसरं न्यायचं तर रूळ कापून विभाग पाडायचे आणि प्रत्येकाला वेगळा स्विच द्यायचा. हे नीट केलं तर उत्तम चालतं, फक्त लक्ष गाडीपेक्षा स्विचांवर राहतं. अनेक गाड्या एकाच वेळी धावताना, सिग्नल पडता-उठताना पाहायचे असतील तर पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं, १९९८ साली खुलं झालेलं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय जरूर पाहावं.

दुसरी पद्धत डीसीसी, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल. जर्मनीतल्या लेन्झ यांच्या कामावरून अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेने नव्वदच्या दशकात तिचं प्रमाण ठरवलं. इथे रुळांत चौदा-पंधरा व्होल्ट कायम असतात. त्यांची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटते आणि त्या उलटण्यातच हुकूम दडलेला असतो. प्रत्येक इंजिनात एक डिकोडर, त्याला स्वतःचा क्रमांक. ‘तीन, पुढे चल’ हा हुकूम तीन नंबरच पाळतो, बाकीची उभी राहतात. वीज सगळ्यांची, हुकूम ज्याचा त्याला. मला या साऱ्या छंदातली ही सर्वांत देखणी कल्पना वाटते.

तिन्ही इंजिनं एका गाडीला लावायची तर डिकोडरच्या १९ क्रमांकाच्या सीव्हीमध्ये, म्हणजे सेटिंगच्या कप्प्यात, तिघांना एकच सामायिक क्रमांक देतात. खऱ्या रेल्वेतही केबलने जोडलेली इंजिनं एकाच लोकोपायलटच्या हाती चालतात. कसारा घाटात, १ः३७ च्या चढावर मागून लागणाऱ्या बँकर इंजिनात मात्र वेगळा चालक असतो. मॉडेलमध्ये क्रमांक जुळला म्हणून वेग जुळत नाही. मागचं इंजिन जोरात असेल तर पुढच्याला रेटतं आणि वळणावर चाकं रूळ सोडतात. म्हणून इंजिनं न जोडता, मध्ये वीतभर अंतर ठेवून गोल रुळावर सोडावीत. अंतर बदललं की सीव्ही २, ६ आणि ५ मध्ये सुरुवातीचा, मधला आणि कमाल वेग दुरुस्त करावा. अंतर फेरीमागून फेरी तेवढंच राहिलं की जोडी जमली. याला संध्याकाळ जाते, जाऊ द्यावी.

विजेचा हिशेब सोपा आहे. आवाज-दिव्यांसह तीन इंजिनं दोन अँपिअरमध्ये सहज बसतात, रुळांना वीज पुरवणारा पाच अँपिअरचा बूस्टर पुरून उरतो. अडचण रुळांची. निकेल सिल्व्हर तांब्याइतकी वीज वाहत नाही आणि फिशप्लेटचे जोड सैल पडतात. नळयोजनेत शेवटच्या घराला बारीक धार यावी, तशी दूरच्या टोकाला वीज क्षीण होते. म्हणून टेबलाखालून अडीच एमएमची तांब्याची वायर फिरवून दर मीटरभराने रुळाला जोड द्यावा. मग सर्वांत लांबच्या टोकाला दोन्ही रुळांवर रुपयाचं नाणं आडवं ठेवावं. बूस्टर लगेच बंद पडला पाहिजे. नाही पडला तर वायरिंग अपुरं आहे, आणि घसरलेलं इंजिन तिथे रुळाखालचं प्लॅस्टिक वितळवू शकतं.

एटापल्लीच्या एखाद्या शाळेत असा लेआउट व्हावा, असं मनापासून वाटतं. ज्यांच्या डोंगरातून हे लोखंड जातं त्या मुलांना रेल्वेची वीज, सिग्नल, सांधे हाताळायला मिळावेत. सुरुवात आठ बाय चार फुटांच्या प्लायवर वडसा यार्डापासून करावी: तीन रूळ, दोन सांधे, दोन इंजिनं. सूरजागडचा चढ दुसऱ्या वर्षी.