‘कट्यार’ : रंगभूमीवरची आणि पडद्यावरची

कल्याणच्या पुढें, म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या बाजूच्या मराठी कुटुंबांत संगीत नाटकाचा विषय निघाला, कीं बहुधा एकच वाद रंगतो : ‘कट्यार काळजांत घुसली’ हें नाटक सरस कीं त्यावरचा चित्रपट? वडील मंडळी नाटकाचा पक्ष घेतात. तरुणांपैकीं पुष्कळांनीं नाटक पाहिलेलें नसतें, पण चित्रपटांतलीं पदें त्यांस मुखोद्गत असतात. वाद गमतीचा खरा. परंतु त्याच्या पोटांत दुसरा एक प्रश्न दडलेला आहे. लोकल पकडून कल्याणच्या आचार्य अत्रे रंगमंदिरापर्यंत जाण्याचे कष्ट घ्यावेत, कीं घरींच पडद्यावर भागवावें? संगीत रंगभूमीचें पुढचें आयुष्य याच्या उत्तरावर पुष्कळसें अवलंबून आहे.

पुरुषोत्तम दारव्हेकर यांचें हें नाटक १९६७ सालीं रंगभूमीवर आलें. संगीत जितेंद्र अभिषेकी यांचें, आणि खाँसाहेब आफताब हुसेन यांची भूमिका वसंतराव देशपांडे यांची. २०१० सालीं वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनीं तीच भूमिका घेऊन नाटकाचें पुनरुज्जीवन केलें. दिग्दर्शन सुबोध भावे यांचें होतें. पुढें भावे यांनींच २०१५ सालीं चित्रपट केला. त्यांत खाँसाहेब झाले सचिन पिळगांवकर, पंडितजी झाले शंकर महादेवन, आणि जुन्या पदांच्या जोडीला शंकर-एहसान-लॉय यांचीं नवीं गाणीं आलीं.

आतां मुख्य फरक पहा. नाटकांत जो खाँसाहेब दिसतो तोच गातो. गर्व, मत्सर आणि विद्येची तहान हीं तिन्ही एकाच देहांतून आणि एकाच श्वासांतून बाहेर पडतात. तान घेतांना छातीवर पडणारा ताण, समेवर येण्यापूर्वींची क्षणभराची जोखीम, हें सारें समोर घडत असतें. आणि तें फसूं शकतें, म्हणूनच आपण जीव मुठींत धरून ऐकतों. चित्रपटांत चेहरा पिळगांवकरांचा आणि गळा राहुल देशपांडे यांचा. दोघांनींहि आपापलें काम उत्तम केलें आहे. तरी पण डोळे एकाचे आणि आवाज दुसऱ्याचा, ही शिवण जाणकाराला दिसल्यावांचून राहत नाहीं. सदाशिवाच्या गाण्याचेंहि तसेंच. पडद्यावर सदाशिव भावे स्वतः, गळा महेश काळे यांचा. या चित्रपटांतील गायनासाठीं काळे यांस राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता.

दुसरी गोष्ट वेळेची. रंगभूमीवर पद किती चालावें हें गायक आणि प्रेक्षक मिळून ठरवितात. ‘वन्समोअर’चा अतिरेक कथेचा गळा दाबतो, हा जुना आक्षेप मला मान्य आहे. पण दरबारांतील गवयाची कथा सांगतांना प्रेक्षागृहच दरबार होतें, आणि आपण नुसते पाहणारे न राहतां पारखणारे होतों, ही सोय दुसऱ्या कोठें मिळणार? चित्रपटांतलें गाणें मोजून कापलेलें असतें. दाद पडद्यावरचे लोक देतात, आपली कोणी विचारीत नाहीं.

मात्र चित्रपटाच्या पदरांतहि कांहीं आहे. मिरजेंत पंडितजींची आणि खाँसाहेबांची गांठ पडणें, तेथून खाँसाहेबांनीं विश्रामपुरास येणें, वर्षानुवर्षे पराभव पचविणें, हा पूर्वभाग चित्रपटानें विस्तारानें दाखविला. त्यामुळें मत्सराचीं पाळेंमुळें नवख्या प्रेक्षकालाहि उमगतात. मला स्वतःला इतका उलगडा नको होता. खाँसाहेबांचें थोडें कोडें राहिलेलें बरें. परंतु ज्या घरांत शास्त्रीय संगीताचा वाराहि नव्हता तेथें या चित्रपटानें तें नेलें, हें नाकारतां येणार नाहीं. फाळणीनंतर वसलेल्या उल्हासनगरांतील सिंधी शेजाऱ्यांनाहि खाँसाहेबांच्या हिंदी बंदिशी परक्या वाटण्याचें कारण नाहीं.

चित्रपटावर सगळेंच निभतें असें मात्र नव्हे. खाडिलकरांचें ‘मानापमान’ १९११ सालचें. १९२१ सालीं टिळक स्वराज्य फंडासाठीं बालगंधर्व आणि केशवराव भोसले त्यांत एकत्र उभे राहिले, तेव्हां लोक प्रामुख्यानें ऐकावयास गेले ते दोन गळे. २०२५ सालीं भावे यांनीं त्यावरहि चित्रपट काढला. पण तेथें गाणें हाच कथेचा विषय नाहीं. ‘कट्यारी’त गाण्यावरच हवेली मिळते आणि जाते, म्हणून ती पडद्यावर तगली.

तेव्हां ज्यांनीं केवळ चित्रपट पाहिला आहे त्यांनीं पुढच्या प्रयोगाची जाहिरात दिसतांच तिकीट काढावें, आणि ‘घेई छंद मकरंद’ हें पद नीट ऐकावें. शब्द तेच, पण चाली दोन. एक पंडितजींच्या घराण्याची, दुसरी खाँसाहेबांची. दोन घराण्यांतला फरक समजावयास त्याहून सोपा धडा नाहीं. जागा शक्य तों पुढची घ्यावी, म्हणजे गायकाचा श्वासहि ऐकूं येतो.